जबाब आणि भरपाई

‘जबाबदारी’ हा शब्द आपण दिवसांतून दहा वेळां उच्चारतों. पण त्याच्या पोटांत ‘जबाब’ आहे ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ‘उत्तरदायित्व’ या संस्कृत शब्दाची कथाहि तीच. त्यांतहि ‘उत्तर’ आहे. फारसीच्या वाटेनें या अथवा संस्कृताच्या वाटेनें या, जबाबदार मनुष्य म्हणजे विचारलें असतां उत्तर देणारा मनुष्य, असाच अर्थ निघतो. व्यवहारांत मात्र या शब्दाचा अर्थ हळूहळू पालटत चालला आहे. एखादा अपघात झाला आणि जबाबदार कोण असा प्रश्न निघाला, कीं आपल्या मनांत खरोखर असतो तो प्रश्न निराळाच: पैसे कोण भरणार? उत्तर देणें आणि पैसे भरणें या दोन क्रिया एकच आहेत कीं भिन्न आहेत, आणि दुसरी क्रिया परक्याच्या हातीं सोंपवितां येत असेल तर तिच्याबरोबर पहिलीहि सोंपविली जाते कीं काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विषय तात्त्विक दिसला, तरी तो आम्हांस सुचला एका बागेवरून. ठाणें आणि कल्याण-डोंबिवली या टापूंत पूर्वीं बाग म्हणजे घराचें परसूं असे. विहिरीच्या पाण्यावर वाढलेले चार माड, दोन फणस, दाराशीं प्राजक्त आणि कुंपणाला कण्हेर. लावणारा घरचा, पाणी घालणारा घरचा, आणि फांदी मोडून शेजाऱ्याचीं कौलें फुटलीं तर कुंपणावरून दोन शब्द बोलून तीं बदलून देणाराहि घरचाच. त्या बागेला आराखडा नव्हता, करार नव्हता, आणि विमा तर नव्हताच. पुढें ठाण्याची महानगरपालिका १९८२ सालीं व कल्याण-डोंबिवलीची १९८३ सालीं स्थापन झाली. वस्ती वाढली, वाड्या गेल्या, आणि घोडबंदर रस्त्याच्या कडेनें उंच इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. तेथेंहि बाग आहे; किंबहुना बागेचें चित्र दाखविल्यावांचून तेथें घर विकलें जात नाहीं. पण ती बाग पुष्कळदां जमिनीवर नसते. खालीं मोटारी ठेवण्याचे मजले, त्यांवर काँक्रीटची गच्ची, आणि गच्चीवर माती पसरून केलेली हिरवळ, असा तिचा थाट असतो. पावसानें पुरतेपणीं भिजलेल्या एक घनमीटर मातीचें वजन पावणेदोन ते दोन टन भरतें. आणि आमच्या या भागांत वर्षाचा बहुतेक सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. तेव्हां कोठें किती खोल माती घालावी, पाणी कोणत्या वाटेनें बाहेर जावें, कोणत्या झाडाचीं मुळें गच्चीचा थर फोडतील, जिचीं पानें, फुलें, चीक सारेंच विषारी ती कण्हेर मुलांच्या खेळण्याच्या जागेशेजारीं लावावी कीं नाहीं, हे प्रश्न आतां एकट्या माळ्याच्या अनुभवावर सोडतां येत नाहींत. त्यांसाठीं एक नवा व्यवसाय जन्मास आला आहे. लोक त्याला लँडस्केप डिझायनर म्हणतात. आपण उद्यानरचनाकार म्हणूं.

हा मनुष्य बहुधा एकटा असतो. त्याच्या पाठीशीं मोठी कंपनी नसते. घरांतील एक खोली हीच त्याची कचेरी. ‘आर्किटेक्ट’ ही उपाधि १९७२ च्या कायद्यान्वयें नोंदलेल्या मनुष्यालाच लावतां येते. आणि तो कायदा उपाधीचें रक्षण करतो, त्या प्रकारचें काम करण्यास इतरांना मनाई करीत नाहीं, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं दिला आहे. उद्यानरचनेला तर तेवढीहि स्वतंत्र सरकारी नोंदवही नाहीं. म्हणजे या व्यवसायांत कोण शिरतो हें कायदा पाहत नाहीं. पण चूक झाली कीं कायदा त्याला बरोबर शोधून काढतो. अशा मनुष्याच्या हातीं दोनच ढाली असतात. एक करार आणि दुसरी विमा. या ढालींच्या आड त्याची सदसद्विवेकबुद्धि सुखानें झोंपूं शकते काय, हा आमचा प्रश्न आहे.

तो प्रश्न ज्या प्रसंगानें आम्हांस पडला तो थोडक्यांत सांगतों. आमचे एक तरुण स्नेही डोंबिवलीस राहतात व हाच व्यवसाय करतात. चार वर्षांपूर्वीं त्यांनीं ठाण्यांतील एका गृहसंकुलाच्या बागेचा आराखडा केला. बागेंत एक लाकडी मांडव होता. त्या व्यवसायांतील लोक त्याला पर्गोला म्हणतात. मांडवाचे खांब फरशींत पुरूं नयेत, लोखंडी बैठकीवर चार बोटें उंच उभे करावे, म्हणजे पाणी साचून त्यांचे बुंधे कुजणार नाहींत, असें त्यांनीं नकाशांत स्पष्ट दाखविलें होतें. काम करणारा ठेकेदार संस्थेनें निवडलेला होता. त्यानें पैसा व वेळ वांचविण्यासाठीं खांब सरळ सिमेंटांत बसविले. एका फेरींत आमच्या स्नेह्यांना तें दिसलें. ते ठेकेदाराला बोलले. त्यानें मान डोलावली. आणि गोष्ट तेथेंच राहिली. संस्थेला त्यांनीं लेखी कांहींच कळविलें नाहीं. खांबांवर रंग चढला, वेल चढला, आणि बुंधे दिसेनासे झाले. चवथ्या पावसाळ्याच्या आरंभीं, वादळी वाऱ्याच्या एका सायंकाळीं, तो मांडव कोसळला. पावसाच्या आडोशाला त्याखालीं शहापुराकडचा एक पहारेकरी बसला होता. त्याचा जीव वांचला. पण उजव्या पायाचें हाड दोन ठिकाणीं मोडलें.

स्नेह्यांनीं विमा उतरविलेला होता. त्यांनीं कंपनीस तत्काळ कळविलें. उत्तर आलें त्यांत पॉलिसीच्या एका कलमाकडे लक्ष वेधलें होतें. कंपनीच्या लेखी संमतीवांचून विमेदारानें तोंडीं अथवा लेखी दायित्व कबूल करूं नये, कांहीं देऊं करूं नये, कसलेंहि वचन देऊं नये, असा त्या कलमाचा आशय. तें पत्र घेऊन ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, “मीं इस्पितळांत त्या माणसाला भेटावयास जावें कीं जाऊं नये, एवढेंच आपण सांगा.” आम्हीं पत्र वाचलें, चष्मा काढून ठेवला, आणि सांगितलें, “जाऊं नका. तोंडून एखादा शब्द निघून जाईल, आणि त्याचें व तुमचें दोघांचेंहि नुकसान होईल.” ते कांहीं न बोलतां उठून गेले. आमचा तो सल्ला योग्य होता कीं नव्हता, हें तपासण्यासाठींच हा लेख लिहिला आहे असें म्हटलें तरी चालेल.

प्रथम कराराचा विचार करूं. सभ्य माणसांत करार कशाला, शब्द पुरे, असें म्हणणारे लोक आपल्या मध्यमवर्गांत अजून पुष्कळ आहेत, आणि करार पुढें केला कीं आपल्यावर अविश्वास दाखविला असें त्यांना वाटतें. पण करार हा अविश्वासाचा कागद नसून स्मरणाचा कागद आहे. कोणत्याहि बागेंत तीन हात काम करतात: आराखडा करणाराचा, प्रत्यक्ष बांधणाराचा, आणि पुढें निगा राखणाराचा. कोणता हात कोठें थांबतो हें आधींच लिहिलें नाहीं, तर अपघातानंतर तिन्ही हात एकमेकांकडे बोट दाखवितात. लावलेलीं झाडें जगलीं नाहींत तर किती दिवसांपर्यंत बदलून द्यावयाचीं, रचनाकारानें कामाच्या जागीं किती वेळां यावयाचें, नकाशाविरुद्ध काम दिसलें तर कोणाला व कसें कळवावयाचें, हें ज्या करारांत नाहीं तो करार नव्हे, ती केवळ पैशाची पावती होय.

आपला करारांचा कायदा १८७२ सालचा आहे, आणि त्यांत या बाबतींत मोठें शहाणपण भरलेलें आहे. त्याचें ७३ वें कलम म्हणतें कीं, करार मोडल्यामुळें ओघानेंच जें नुकसान होतें, किंवा करार करतांना उभय पक्षांना जें दिसत होतें, त्याची भरपाई द्यावी. दूरान्वयानें झालेल्या नुकसानीची नव्हे. ७४ वें कलम म्हणतें कीं, दंडाची रक्कम करारांत लिहिलेली असली तरी न्यायालय तिच्या मर्यादेंत राहून वाजवी तेवढीच भरपाई देववील. म्हणजे जें दिसत होतें किंवा दिसावयास हवें होतें त्यापुरतें मनुष्यास बांधावें, साऱ्या दैवाचा भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवूं नये, हें त्या कायद्याचें धोरण आहे. धर्मनीतीचें धोरण याहून फारसें निराळें नाहीं.

परंतु आजकाल स्वतंत्र व्यावसायिकांपुढें जे छापील करार ठेवले जातात, त्यांत एक वाक्य हटकून आढळतें: या कामामुळें उद्भवणाऱ्या सर्व प्रकारच्या दाव्यांपासून रचनाकारानें संस्थेचें रक्षण करावें. आमच्या स्नेह्यांनींहि अशा वाक्याखालीं सही केली होती. ज्याचें सबंध मानधन एका साध्या मोटारीच्या किंमतीइतकेंहि नाहीं, त्यानें सर्व दाव्यांची हमी घ्यावी! विम्याच्या पॉलिसीहि बहुधा कायद्यानें जेवढें दायित्व अंगावर येतें तेवढेंच उचलतात. मनुष्यानें करारानें त्यापलीकडे ओढवून घेतलेलें ओझें त्या उचलीत नाहींत. मग तें वाक्य कोणाच्या बळावर लिहिलें? सही करणाराला ठाऊक असतें कीं तें आपल्यानें पाळवणार नाहीं. करून घेणारालाहि तें ठाऊक असतें. जें वचन पाळलें जाणार नाहीं हें दोघांनाहि ठाऊक आहे, तें वचन म्हणजे दोघांनीं मिळून केलेलें असत्य भाषण होय. काम हवें म्हणून अशा वाक्याखालीं सही करणें ही आपल्याकडे व्यवहारचतुराई समजली जाते. आम्हांस ती नैतिक चूक वाटते. मर्यादा नीट लिहून ती पाळणारा मनुष्य अमर्याद वचन देणारापेक्षां अधिक सच्चा असतो.

येथपर्यंत कराराची थोरवी झाली. पण त्याला एक व्यंग आहे, आणि तें लहान नाहीं. करार सही करणारांना बांधतो. मांडवाखालीं बसलेल्या पहारेकऱ्यानें कशावरहि सही केलेली नव्हती.

कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत एक मार्मिक नियम आहे. झाड तोडतांना, अथवा लांकूड, दगड वगैरे फेंकतांना, जो ‘बाजूला हो’ असें ओरडून सांगतो, त्याच्याकडून कोणास धक्का लागला तरी तो दंडास पात्र नाहीं, असा त्या नियमाचा भाव आहे. दोन हजार वर्षांच्या सुमाराचा हा नियम आमच्या मतें दायित्वाच्या साऱ्या आधुनिक शास्त्राचें बीज आहे. धोका उत्पन्न करणारानें धोक्याची हाक द्यावी. करारांतील प्रत्येक अट ही अशी एक हाकच असते: एवढें माझें, एवढें तुमचें, येथून पुढें सांभाळा. परंतु हाकेला अर्थ केव्हां? ज्याच्या अंगावर फांदी पडावयाची त्याच्या कानीं ती गेली तर. आमच्या स्नेह्यांनींहि हाक दिली होती. पण ती ठेकेदाराच्या कानीं पडली आणि तेथेंच विरली. संस्थेच्या कानीं गेली नाहीं, मग पहारेकऱ्याच्या कानीं कोठून जाणार! नकाशा बरोबर असूनहि त्यांचें मन त्यांना खात होतें, त्याचें कारण हेंच. त्यांनीं पाहिलें होतें, ते बोलले होते, पण ऐकूं जाईल असें बोलले नव्हते.

सही न करणाऱ्या परक्याचा विचार कायद्यानें उशिरां केला, पण केला. स्कॉटलंडांतील पेस्ली गांवीं १९२८ सालीं एका बाईनें पेयाची बाटली प्याल्यावर तींत कुजलेली गोगलगाय निघाली. बाटली तिच्या मैत्रिणीनें विकत घेतलेली. तेव्हां पेय करणाऱ्या कारखानदाराशीं बाईचा कसलाच करार नव्हता. तरीहि १९३२ सालीं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठानें ठरविलें कीं, आपल्या कृत्यानें ज्याला इजा पोहोंचेल असें शहाण्या माणसाला आधींच दिसावें, तो आपला शेजारी. त्याची काळजी घेणें हें आपलें कर्तव्य. त्यासाठीं करार लागत नाहीं. आपल्या देशांतील न्यायालयांनींहि हें तत्त्व स्वीकारलें आहे. तथापि झाडांच्या बाबतींत त्यांनाहि अडखळावें लागलें. राजकोटांत रस्त्याच्या कडेचें झाड पडून एक पादचारी मरण पावला; त्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं महापालिकेस दायित्वांतून मुक्त केलें. झाडें लावणें हें लोकोपयोगी कार्य आहे, आणि प्रत्येक पडलेल्या झाडाचा भार लावणारावर घातला तर पुढें झाडें कोण लावील, हा विचार त्या निर्णयामागें होता. दिल्लींत रस्त्यावरील झाडाची फांदी मोडून स्कूटरवरून जाणारा एक गृहस्थ दगावला. त्या खटल्यांत त्याच न्यायालयानें दोनच वर्षांनीं, १९९९ सालीं, महापालिकेस जबाबदार धरलें. झाड वाळलेलें आहे व पडेल हें ज्यास ठाऊक होतें किंवा ठाऊक असावयास हवें होतें, त्यास सुटका नाहीं, असें तत्त्व तेथें सांगितलें गेलें. वरवर हे निर्णय परस्परविरुद्ध दिसतात. पण त्यांतून सामान्य मनुष्यानें घ्यावयाचा बोध एकच आहे. झाड लावणें हा अपराध नव्हे. लावल्यावर न पाहणें, आणि पाहूनहि न बोलणें, हा अपराध होऊं शकतो.

आतां विम्याकडे वळूं. येथें एक पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो दुर्बल नाहीं. विमा उतरविलेला मनुष्य बेफिकीर होतो; चूक माझी, पैसे कंपनीचे, मग काळजी कशाला करा; पापाची भरपाई हप्त्यानें होऊं लागली कीं पापाचें भयच जातें, असा तो आक्षेप आहे. विम्याच्या शास्त्रानेंहि हा धोका ओळखला आहे. म्हणूनच नुकसानीचा आरंभींचा कांहीं भाग विमेदारानेंच सोसावा असें पॉलिसींत लिहिलेलें असतें, जाणूनबुजून केलेल्या कृत्याला विमा लागू पडत नाहीं, आणि विमेदारानें महत्त्वाची गोष्ट लपविली तर सारा करार ढांसळतो. विम्याचा पाया परम सद्भाव होय, हें तत्त्व इंग्लंडच्या लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशानें १७६६ सालींच सांगून ठेविलें आहे. ज्या व्यवहारांत खोटेपणानें सर्वस्व जातें, त्या व्यवहाराला अनीतीचा आश्रय म्हणणें न्यायाचें होणार नाहीं.

पण आमचें खरें उत्तर याहून निराळें आहे. विमा कोणासाठीं आहे, हेंच आक्षेपक विसरतात. बाबिलोनच्या हम्मुरबीच्या शासनांत असें होतें कीं, घर कोसळून घरधनी मेला तर बांधणारास देहांत शिक्षा द्यावी. जबाबदारीची याहून कडक कल्पना करतां येणार नाहीं. तथापि त्या शिक्षेनें मेलेल्याच्या बायकामुलांच्या पोटांत घांसभरहि अन्न पडत नव्हतें. निर्धन मनुष्याचा पश्चात्ताप कितीहि खरा असला, तरी त्यानें मोडलेलें हाड बसविणाऱ्या डॉक्टरचें बिल भागत नाहीं. मोटार चालविणारास परक्याच्या इजेसाठीं विमा उतरविण्याची सक्ति आपल्याकडे १९३९ च्या मोटार कायद्यानें आणली ती चालकाच्या सोयीसाठीं नव्हे, रस्त्यानें जाणाऱ्या अनोळखी मनुष्याच्या सोयीसाठीं. कामावर इजा झालेल्या कामगाराला, दोष कोणाचा याची वाट न पाहतां, मालकानें भरपाई द्यावी हें तत्त्व १९२३ च्या कायद्यानें मान्य केलें, आणि आजच्या सामाजिक सुरक्षा संहितेंतहि तें टिकून आहे. भोपाळच्या १९८४ सालच्या भीषण घटनेनंतर, घातक द्रव्यें बाळगणारांवर १९९१ च्या कायद्यानें अशीच विम्याची सक्ति झाली. बागेवर अशी सक्ति नाहीं. म्हणूनच जो उद्यानरचनाकार आपण होऊन विमा उतरवितो, तो आम्हांस स्वतःचा बचाव करणारा धूर्त वाटत नाहीं. ज्याचें तोंडहि त्यानें पाहिलेलें नाहीं अशा एका परक्यासाठीं तो दरवर्षीं कांहीं रक्कम बाजूला काढून ठेवीत असतो. हप्ता भरतांना त्याच्या मनांत हा भाव असो वा नसो, कृति तीच आहे.

एवढें मात्र ध्यानांत ठेवावें कीं या व्यवस्थेलाहि काळाची मर्यादा आहे. व्यावसायिकांच्या दायित्वाचा विमा आपल्याकडे बहुधा अशा पद्धतीचा असतो कीं, ज्या वर्षीं दावा येतो त्या वर्षाची पॉलिसी चालू असावी लागते. झाड ज्या वर्षीं लावलें त्या वर्षाची पॉलिसी कपाटांत पडून उपयोग नाहीं. मनुष्यानें धंदा सोडला, हप्ता थांबविला, कीं मागील सर्व कामें उघडीं पडतात. करार वर्षा-दोन वर्षांत संपतो. पॉलिसी वर्षावर्षानें जगते. आणि गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्ष पन्नास वर्षें वाढतो. ज्याची फांदी वीस वर्षांनीं मोडणार आहे त्या झाडासाठीं आज लिहिलेला एकहि कागद तेव्हां जिवंत नसतो. त्या वेळीं उरतें तें एवढेंच, कीं झाड लावतांना कोणी पुढचें पाहिलें होतें काय. ठिसूळ फांद्यांचें झाड बांकाजवळून दहा हात दूर सरकविणाऱ्या रचनाकाराला त्याबद्दल कोणी मानधन देत नाहीं, आणि वीस वर्षांनीं जो मनुष्य त्या बांकावर सुखानें बसेल त्याला याचें नांवहि ठाऊक नसेल. जबाबदारीचा उत्तम भाग हा असा, कोणत्याहि दफ्तरांत न नोंदला जाणारा असतो.

आतां शेवटचा आणि अवघड प्रश्न: तें मौनाचें कलम. त्यावर नुसतें चिडून उपयोग नाहीं. त्याचीहि एक बाजू आहे. अपघाताच्या धक्क्यांत मनुष्य नको तेवढा दोष स्वतःकडे घेतो. कोणी भीडेनें घेतो. कोणी कंपनीच्या पैशानें उदार होऊं पाहतो. शिवाय मांडवाच्या बाबतींत दोषाचे वांटेकरी तीन होते: नकाशा मोडणारा ठेकेदार, चार वर्षांत एकदांहि बुंधे न तपासणारी संस्था, आणि पाहूनहि न लिहिणारे आमचे स्नेही. “सर्व चूक माझी” असें एकानें रडत सांगितलें तर तें सत्य झालें नसतें. इतर दोघांना मात्र तो आयताच निसटण्याचा मार्ग झाला असता. म्हणून न्यायनिवाडा आपणच देऊन टाकूं नये, एवढ्यापुरतें तें कलम आम्हांस मान्य आहे.

परंतु निवाडा, वृत्तान्त आणि सहानुभूति या तीन वस्तु भिन्न आहेत. कोण किती दोषी हा निवाडा. तो योग्य जागीं होऊं द्यावा. काय घडलें, मीं काय पाहिलें, हा वृत्तान्त. तो विचारील त्याला खरा सांगणें हें सत्याचें ऋण आहे, आणि तें फेडण्यास मनाई करण्याचा अधिकार कोणत्याहि पॉलिसीला नाहीं. आणि अंथरुणावर पडलेल्या माणसाजवळ जाऊन बसणें ही सहानुभूति; तिला कंपनीची संमति लागत नाहीं, व ती मागण्याची गरजहि नाहीं. कलमानें पहिल्या वस्तूवर कुलूप घातलें होतें. आम्हीं भीतीनें तिन्हींवर घातलें. कागदांतील भाषेपेक्षां आमचें भय अधिक कडक निघालें. आजचें पुष्कळसें निष्ठुरपण असेंच असतें. नियम तितकें मागत नाहीं, आपणच नियमाच्या नांवानें तितकें देऊन टाकतों.

सुदैवानें स्नेह्यांनीं आमचें ऐकलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते इस्पितळांत गेले. पहारेकऱ्याची बायको खाटेशीं बसली होती. त्यांनीं तिला नमस्कार केला व सांगितलें, “बाई, त्या मांडवाचा आराखडा माझा. कोणाचें किती चुकलें हें पुढें ठरेल. पण मला जें जें ठाऊक आहे तें सगळें मी चौकशींत सांगणार आहें, त्यांतलें कांहीं लपविणार नाहीं.” ती बाई बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग तिनें विचारलें, “तुम्ही परत याल का?” ते म्हणाले, “येईन.” आणि ते गेले, एकदां नव्हे, आठवड्यामागून आठवडे. घरीं येऊन त्यांनीं कंपनीला सविस्तर पत्र लिहिलें. नकाशा जोडला, ठेकेदाराशीं झालेलें बोलणें लिहिलें, आणि “मीं हें संस्थेला लेखी कळविलें नाहीं” हें वाक्यहि लिहिलें. त्या वाक्यानें आपला वांटा वाढेल हें त्यांना कळत होतें. पुढें रकमेचे वांटे कसे पडले हें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. तें काम ज्यांचें आहे त्यांनीं तें करावें.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाचें आमचें उत्तर असें आहे. भरपाई परक्याच्या हातीं सोंपवितां येते, आणि ती आधींच सोंपवून ठेवणें हें शहाण्याचें व सज्जनाचेंहि कर्तव्य आहे. ज्याला आपल्या चुकीचें मोल स्वतःच्या खिशांतून देतां येणार नाहीं, त्यानें विमा न उतरवितां परक्यांच्या डोक्यावर मांडव उभारणें हा परक्यांच्या जिवावर खेळलेला जुगार होय. मर्यादा आधींच सांगणें हेंहि कर्तव्य आहे, आणि त्यासाठीं करार आहे. पण काम करण्यापूर्वीं डोळे उघडे ठेवून पाहणें, धोका दिसतांच ऐकूं जाईल अशा आवाजांत हाक देणें, आणि घडूं नये तें घडल्यावर समोर जाऊन उभें राहणें, या तीन गोष्टींसाठीं दुसरा मनुष्य मिळत नाहीं. विमा पैसे देतो. जबाब देत नाहीं. तो ज्याचा त्यानेंच द्यावयाचा असतो.

आमचे स्नेही आतां प्रत्येक फेरीनंतर संस्थेला चार ओळींचें पत्र पाठवितात: आज काय पाहिलें, काय नकाशाविरुद्ध आढळलें, काय तत्काळ दुरुस्त करावें. कांहीं संस्थांना तें आवडत नाहीं. एकीनें तर त्यांना पुन्हा कामच दिलें नाहीं. त्याबद्दल ते तक्रार करीत नाहींत. आम्हांस मात्र त्या दिवशींचा आपला सल्ला अधूनमधून आठवतो, आणि तो आठवला कीं अजूनहि मान खालीं जाते.